शेऱ्याचा रकाना

रद्दीच्या गोदामात तिला सगळे कव्हरवाली म्हणत. काम तसंच होतं. बंद पडलेली वाचनालयं, शाळांची जुनी कपाटं, मेलेल्या माणसांची घरं, कुठून कुठून पोत्यांनी पुस्तकं यायची आणि तिच्यापुढे ओतली जायची. पुठ्ठा वेगळा, कागद वेगळा, हा गोदामाचा नियम. पुठ्ठा मिसळला की लगदा बिघडतो. म्हणून वाकड्या सुरीने पुस्तकाची पाठ चिरायची, कव्हर एका हिसक्यात उपटायचं, ते डाव्या ढिगात फेकायचं आणि नागडं पुस्तक उजव्या ढिगात. दिवसाला चारशे पुस्तकं सोलून व्हायची. कोंबड्या सोलणाऱ्याला दया येत नाही, तशी तिलाही आधी येत नव्हती.

एकदा जेवणाच्या सुट्टीत ती त्या ढिगावरच टेकली आणि हाताला आलेलं पान वाचायला लागली. सुट्टी संपल्याची शिट्टी झाली तेव्हा पानातली बाई विहिरीच्या काठावर उभी होती. ती उडी मारते की नाही हे कळल्याशिवाय कव्हरवालीचा हात पुढे चालेना. मुकादम तोंडाने फाटका, मनाने बरा. तो म्हणाला, "ने घरी, वाच, आणि उद्या परत आणून टाक. इथून कागदाचा कपटा जरी बाहेर राहिला तर मालक माझंच कव्हर काढेल."

त्या बाईने उडी मारली नाही. तेव्हापासून कव्हरवालीला वाचायचं वेड लागलं.

आता अडचण अशी, की कव्हर गेलं की पुस्तकाचं नाव जातं, लिहिणाऱ्याचंही जातं. मग नावं तीच ठेवायची. 'विहिरीवरच्या बाईचं', 'लंगड्या डॉक्टरचं', 'तीन भावांच्या भांडणाचं'. एका पुस्तकात दीडशे पानं काहीच घडेना, नुसतं बर्फ पडत होतं. त्याचं नाव तिने 'नुसतीच थंडी' ठेवलं आणि तरी ते शेवटपर्यंत वाचलं. घरी खुणेची काडी पानात टिकायची नाही, म्हणून ती लिहून ठेवायला लागली. मुकादमाने तिला हजेरीचं एक जुनं कोरं मस्टर दिलं होतं. त्यात रकाने छापलेलेच होते: तारीख, नाव, आत, बाहेर, शेरा. नावाखाली ती पुस्तकाचं नाव लिही. 'आत'खाली कुठल्या पानापासून वाचलं ते, 'बाहेर'खाली कुठे थांबलं ते. राहिला शेरा. तो रकाना दोन बोटं रुंद, त्यात एका शब्दापलीकडे मावत नसे. तिथे वाचन का थांबलं ते ती लिही. 'दूध.' 'लाइट.' 'शेजारीण.' 'डोळे.' कधी नुसतंच 'तो.'

तो म्हणजे मिस्त्री, तिचा नवरा. सगळ्या वस्तीत त्याच्याइतका चांगला गवंडी नव्हता. त्याने बांधलेल्या भिंतीला ओळंबा लावून बघा, सुताएवढा फरक सापडायचा नाही, असं लोक शपथेवर सांगत. मिस्त्रीचा हात एकदम सरळ, म्हणत. त्या सरळ हाताची बोटं कव्हरवालीच्या गालावर उमटायची ती मात्र कुणी मोजली नाहीत. भिंतीला कान असतात म्हणे. त्या वस्तीतल्या भिंतींनी अकरा वर्षं कानात बोळे घातले होते. शेजारणीला विचारलं तर ती म्हणायची, "काय बाई, तुमच्याकडे रेडिओ फार मोठा लावतात."

त्याला कारण लागत नसे. भाजी निवली, स्लॅबचं काम पुढे ढकललं गेलं, मालकाने चारचौघांत आवाज चढवला, की संध्याकाळी थापी बाहेर. थापी म्हणजे चुना-सिमेंट ठोकायची लाकडी फळी, हातभर लांब, धरायला मूठ असलेली. भिंत बसवायला चांगली, आणि बाई बसवायलाही चांगली, असं तो हसत सांगायचा. ऐकणारे हसायचे.

घरात तिसरं माणूस म्हणजे सासू. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेले, एक डोळा तर ऑपरेशनला नेऊनही वाया गेलेला. सगळा दिवस स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून असलेल्या खाटेवर. बोलणं तिखट, स्वभाव हट्टी, आणि पोरगा म्हणजे जीव की प्राण. कव्हरवाली तीनला सुटायची, साडेतीनला घरी. मिस्त्री सहाला. मधले अडीच तास त्या घरात श्वास घ्यायला मिळायचा. कव्हरवाली कणिक मळता मळता मोठ्याने वाचायला लागली, ती स्वतःसाठीच. आठवडाभर म्हातारीने ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि मग एक दिवस ओरडली, "अगं, जरा सावकाश वाच! तो मेला की जिवंत आहे?"

तेव्हापासून दोघींचं ते रोजचंच झालं. म्हातारीचं पुस्तकांबद्दल मत पक्कं असायचं. "हा डॉक्टर बावळट आहे." "ही धाकटी सून आतल्या गाठीची, बघशील तू." वाचन मध्येच थांबलं की ती दिवसभर धुमसायची. पण सहा वाजता दाराची कडी वाजली, मिस्त्रीचा आवाज चढला, भांडं आपटलं, की ती भिंतीकडे तोंड करून पडायची. आपलेच दात, आपलेच ओठ. दुसऱ्या दिवशी कव्हरवाली सुजल्या तोंडाने चहा द्यायची आणि म्हातारी कप चाचपत विचारायची, "कालचं कुठे राहिलं होतं गं?" तेवढंच. कव्हरवालीला तिचा संताप यायचा. म्हातारीला दिसत नव्हतं हे खरं, पण ऐकू तर सुईचं पडणंही यायचं.

वाचण्याचा मिस्त्रीला राग होता. त्याला स्वतःला अक्षरं जुळवत वाचावं लागे. बायको भिंतीकडे बघितल्यासारखी पानाकडे बघते आणि मध्येच हसते, हे त्याला सहन होत नसे. "कुणाला हसतेस?" या प्रश्नाला त्या घरात बरोबर उत्तर नव्हतं. मग त्याच्या एक लक्षात आलं. मार ती सोसते, आवाज काढत नाही. पण पुस्तक फाडलं की रडते. आणि सगळं पुस्तक फाडायची गरज नाही, शेवटची दहा पानं फाडली तरी पुरतं. कारागीर माणूस, कमीत कमी ठोक्यात काम करायची सवय. त्यानंतर तो घरात शिरला की आधी पुस्तक उचलायचा, मागची पानं मुठीत धरून खसकन ओढायचा आणि त्यांनी सिमेंट लागलेली करणी पुसायचा.

शेरा: 'शेवट.' पाच वर्षांच्या मस्टरमध्ये हा शब्द एकतीस वेळा आहे.

त्या दिवशी सिमेंट आलं नाही म्हणून काम बंद राहिलं आणि मिस्त्री साडेचारलाच घरी आला. घरात 'बोटीचं पुस्तक' चालू होतं. एका म्हातारीचा एकुलता एक मुलगा बोटीवर कामाला जातो आणि त्याची बोट परत येत नाही. ती रोज धक्क्यावर जाऊन बसते. सासू खाटेच्या कडेला सरकून बसली होती. शेवटची बारा पानं राहिली होती.

त्याने ती बारा पानं फाडली. हे नेहमीचंच. पण पुस्तक भिरकावलं तेव्हा खालचं मस्टर उघडं पडलं, आणि हजेरीचे रकाने त्याला चांगले ओळखीचे होते. तो खाली बसला. बोट ठेवून एकेक अक्षर जुळवायला लागला. 'तो.' 'गाल.' 'तो.' 'मनगट.' 'शेवट.' 'तो.' 'पोट.' त्याचं बोट तिथे थांबलं.

"माझी हजेरी मांडतेस?" तो म्हणाला. आवाज अगदी हळू होता. कव्हरवालीने तो आवाज ओळखला.

थापीचा पहिला फटका कानावर बसला. दुसरा खांद्यावर. तिसरा चुकला आणि फळीवरची दोन भांडी खाली आली. मग त्याने थापी टाकली, मस्टर उचललं आणि चहाखालचा गॅस मोठा करून त्यावर धरलं. ती धावली. मार खाताना ती कधी धावली नव्हती, आज धावली. तिने मस्टर हिसकलं, त्याने तिचं मनगट धरलं आणि तिचा पंजा मस्टरऐवजी जाळावर दाबला. कातडीचा वास आला. खाटेवरून म्हातारी म्हणाली, "काय जळतंय रे?" त्याने पंजा दाबूनच धरला. तिचा दुसरा हात मोकळा होता. कमरेच्या पिशवीत कामाची वाकडी सुरी होती. दिवसाला चारशे पाठी चिरणारा तो हात, त्याला विचार करावा लागला नाही. त्याच्या कोपरापासून मनगटापर्यंत एकच ओढ.

मिस्त्री ओरडला. अकरा वर्षांत त्या घरातून न आलेलं ओरडणं शेजाऱ्यांना पहिल्या फटक्यात ऐकू आलं. अर्ध्या मिनिटात दारात गर्दी. पांढऱ्या फरशीवर रक्त, मिस्त्री हात धरून भिंतीला टेकलेला, आणि त्याची बायको हातात सुरी घेऊन उभी. बघणाऱ्यांना आणखी काय हवं होतं?

सकाळी ती ठाण्यात बाकावर बसली होती. पंज्याला पट्टी, कान सुजून बंद. ठाण्याची अधिकारी बाई मध्यमवयाची, झोप न झालेली, पण माणूस म्हणून वाईट नव्हती. मस्टर तिच्या टेबलावर होतं. एक कोपरा जळलेला.

"हे बघा," ती म्हणाली, "सुरी तुमची. रक्त त्याचं. तो म्हणतो तुम्ही अंगावर आलात, झटापटीत तुमचा हात गॅसवर पडला. शेजारी म्हणतात त्यांनी आजवर काही ऐकलं नाही. तुम्ही म्हणता या वहीत सगळं आहे. मी वाचली. मनगट. गाल. पोट. कुणाचं मनगट? काय झालं मनगटाला? कुणी केलं? एक शब्द लिहिलाय तुम्ही."

"रकाना बारीक आहे," कव्हरवाली म्हणाली.

अधिकारी बाईने तिच्याकडे बघितलं. हसावं की कपाळावर हात मारावा ते तिला कळेना. "दवाखान्यात काय सांगितलं होतंत प्रत्येक वेळी?"

"जिन्यावरून पडले म्हणून."

"मग कागदावर जिनाच आहे. बाई, एक माणूस पाहिजे. घरातलं एक माणूस, जे सांगेल. नाहीतर आजच्या आज तुम्हाला आत टाकावं लागेल, आणि चार-पाच वर्षं कुठे गेली नाहीत."

घरातलं माणूस एकच होतं. कव्हरवालीने मान खाली घातली. पोटच्या गोळ्याविरुद्ध कुठली आई बोलते?

म्हातारीला रिक्षातून आणलं. सोबत मिस्त्री, हात गळ्यात बांधलेला, दाढी करून आलेला. त्याने आईला हाताला धरून खुर्चीवर बसवलं आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून मागे उभा राहिला.

"आजी, तुमचा मुलगा सुनेला मारायचा?"

"मला दिसत नाही हो," म्हातारी म्हणाली.

"ऐकू तर येतं?"

"वय झालं आता."

मिस्त्रीने खांदा हलकेच थोपटला. अधिकारी बाईने दीर्घ श्वास सोडला आणि मस्टर पुढे ओढलं. कागदपत्रांत जोडायला म्हणून ती नोंदी हवालदाराला मोठ्याने सांगायला लागली. "लिहा. नाव, 'लंगड्या डॉक्टरचं'. आत चाळीस, बाहेर एकसष्ट. शेरा, 'मनगट'."

"दार वाजलं होतं," म्हातारी म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघायला लागले.

"त्या डॉक्टरचं दार वाजलं. तो लंगडत लंगडत गेला, त्याने दार उघडलं, आणि समोर कोण ते राहूनच गेलं. सव्वा महिना मला कळलं नाही कोण आलं होतं. हिचा हात प्लास्टरात, पुस्तक धरता येईना. माझा जीव नुसता टांगणीला."

अधिकारी बाईने विचारलं, "प्लास्टर कशाने?"

आपण काय बोलून बसलो ते म्हातारीला आत्ता कळलं. बोटं पदराशी चाळा करायला लागली. मिस्त्रीचा हात खांद्यावर घट्ट झाला, तो तिथे बसलेल्या सगळ्यांना दिसला.

अधिकारी बाई हुशार. तिने उत्तरासाठी अडून न बसता पान उलटलं. "'तीन भावांच्या भांडणाचं'. बाहेर नव्वद. शेरा, 'गाल'."

"मधल्या भावाने विष आणलं होतं," म्हातारी पुटपुटली. "बाटली कुठे लपवली ते... ते दुसऱ्या दिवशी वाचलं. पण हिला बोलता येत नव्हतं नीट. शब्द चावत होती. दात हलला होता."

"आई, गप्प बस," मिस्त्री म्हणाला.

"'बागेच्या माळ्याचं'. बाहेर एकशे अठरा. शेरा, 'पोट'."

कव्हरवालीने डोळे मिटून घेतले. ती नोंद तिने स्वतः पुन्हा कधी वाचली नव्हती.

"ते पुढे वाचलंच नाही," म्हातारी म्हणाली. "मीच म्हटलं, ते पुस्तक नको. परत देऊन टाक. चौथा महिना होता हिला. याने लाथ घातली. एक, आणि मग दुसरी. मी मोजल्या. मला दिसत नाही, मोजता येतं. मी भिंतीकडे तोंड केलं होतं. माझं नातवंड होतं ते, आणि मी भिंतीकडे तोंड करून पडले होते."

"म्हातारीला भ्रम झालाय!" मिस्त्री ओरडला. त्याने चांगल्या हाताने आईच्या खुर्चीची पाठ धरून अशी हिसडली, की ती खुर्चीसकट भिंतीवर आपटली. कपाळाला खोक पडली. ठाण्यात, अधिकाऱ्याच्या टेबलासमोर, चार माणसांदेखत. त्याला सवयच नव्हती कुणी बघत असण्याची. दोघा हवालदारांनी त्याला खाली पाडलं आणि गुडघा पाठीवर ठेवला.

म्हातारीने कपाळावरचं रक्त बोटांनी चाचपलं. "आता लिहा," ती म्हणाली, "थापीने. मनगट थापीने."

कव्हरवाली संध्याकाळी सुटली. स्वतःचा जीव वाचवायला सुरी उचलली, असं अधिकारी बाईने लिहून दिलं. मिस्त्री आत गेला. दोघी बायका घरी परत आल्या, कारण जायला दुसरं घर नव्हतं, आणि खोली म्हातारीच्या नावावर होती. आठ दिवस म्हातारी एक शब्द बोलली नाही. शेजारच्या बायका दारावरून जाताना ऐकू जाईल असं म्हणत, पोटच्या पोराला तुरुंगात घातलं, ही आई की कैदाशीण. म्हातारी ऐकायची. रडायची तेही भिंतीकडे तोंड करून. कव्हरवालीला तिची दया आली आणि तितकाच रागही आला, आणि दोन्ही गिळून ती तिला चहा देत राहिली.

नवव्या दिवशी ठाण्यातून निरोप आला. मिस्त्रीला जामीन झाला, सोमवारी सुटेल. घराकडे फिरकायची मनाई आहे, आला तर दार उघडू नका, लगेच फोन करा. कव्हरवालीने नंबर भिंतीवर कोळशाने मोठा लिहिला. कागदावरच्या मनाईला मिस्त्री किती जुमानतो ते तिला माहीत होतं. तिला भीती होती ती वेगळीच. दारात पोरगा रडवेल्या आवाजात हाक मारणार, आणि कडी म्हातारीच्या खाटेपासून तीन पावलांवर होती.

त्या दुपारी म्हातारी आपणहून बोलली. "ते बोटीचं पुस्तक आहे का गं अजून?"

होतं. मुकादमाने परत मागितलं नव्हतं. कव्हरवालीने अर्धवट राहिलेलं पान वाचलं, मग पुढे फक्त फाटलेल्या कडा होत्या.

"पोरगा परत येतो का?"

तिने कडांवरून बोट फिरवलं. म्हातारीशी खोटं बोलायची तिला सवय नव्हती, पण म्हातारीचा चेहरा बघवेना. "येतो," ती म्हणाली. "सगळ्यांनी आशा सोडलेली असते. एक दिवस संध्याकाळी दार वाजतं. बाहेरून तो हाक मारतो, आई."

म्हातारी भिंतीला टेकून बसली. कपाळावरची खोक अजून भरली नव्हती. "हे तू बनवलंस."

"हो."

"मग नीट बनव. ती दार उघडत नाही. तिला त्याचा आवाज कळतो, तिचं काळीज फाटतं, पण ती जागची हलत नाही. असं कर."

कव्हरवालीने नुसतं हूं म्हटलं.

सोमवारी ती गोदामातून नवं मस्टर आणि नवं पुस्तक घेऊन आली. कडी घातली, वरचा बोल्टही सरकवला, आणि वाचायला बसली. अठराव्या पानावर दार वाजलं. आधी बोटांनी. मग मुठीने. "आई," मिस्त्रीचा आवाज आला, "आई, मी आहे. हात दुखतोय गं." कव्हरवालीने भिंतीवरचा नंबर फिरवला, पत्ता सांगितला आणि फोन ठेवला. बाहेर लाथ बसली. चौकटीतून चुना पडला. दुसरी लाथ बसली. "उघड, नाहीतर दोघींना चिरीन!" म्हातारी दोन्ही हातांनी खाटेची कड धरून बसली होती. ती बोटं पांढरी पडली होती, आणि डोळ्यांतून पाणी हनुवटीपर्यंत आलं होतं.

"थांबलीस कशाला?" ती म्हणाली. "वाच."

कव्हरवालीने वाचायला सुरुवात केली. "मोठ्याने," म्हातारी म्हणाली, आणि ती मोठ्याने वाचत राहिली, बाहेर गाडी थांबेपर्यंत, हवालदारांचे बूट जिन्यावर वाजेपर्यंत, शिव्या खाली उतरत बंद होईपर्यंत, आणि त्याच्याही पुढे.

मग तिने मस्टर उघडलं. तारीख लिहिली. आत एक, बाहेर चव्वेचाळीस. शेऱ्याच्या रकान्यात तिने 'भूक' लिहिलं आणि ती उठून कणिक मळायला गेली.